वही, बयाज आणि घरची बोली

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुढे केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लेखी रूप देताना किरकोळ फेरफार केले आहेत.)



आपल्या चिटणीसांनी मला जे पत्र पाठविले त्यात विषय दिला होता 'लेखन कसे करावे'. एवढा लांबरुंद अंगरखा माझ्या अंगाला बसण्यासारखा नाही, म्हणून मी तो कापून लहान केला आहे. लेखन कसे करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. लेखनाला जो माल लागतो तो कोठे मिळतो आणि कसा साठवावा, एवढेच मी बोलणार आहे. शिंप्याच्या दुकानात कापडच नसेल तर कात्रीला धार लावून काय उपयोग? तेव्हा आजचा माझा विषय आहे एक साधी वही.

हा विषय मला का सुचला ते सांगतो. ह्या वर्षीच्या निबंध स्पर्धेचे परीक्षण माझ्याकडे होते. निबंधाचा विषय 'माझे गाव'. गठ्ठा घेऊन बसलो आणि पहिल्या दहा-बारा निबंधांतच लक्षात आले की सगळ्यांचे गाव एकच आहे. पूर्वेला तांबडे फुटलेले, पक्ष्यांची किलबिल चाललेली, थंडगार वारा सुटलेला आणि गावाबाहेरून नदी झुळझुळ वाहणारी. आता ही मुले ज्या गावांतून येतात ती गावे मला ठाऊक आहेत. तेथे नदी नाही, खाडी आहे. खाडी झुळझुळ वाहत नाही. ती सहा तास चढते, सहा तास उतरते. उधाणाला बांधावरून आत येते आणि ओहोटीला चिखल उघडा टाकून निघून जाते. त्या चिखलाला वास असतो, आणि मुंबईला गेलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात आठवण येते ती त्याच वासाची. एकाही निबंधात तो वास नव्हता.

निबंध भाषेच्या दृष्टीने वाईट होते असे नाही. शुद्धलेखन बरे होते, अक्षर तर काही मुलींचे फारच सुंदर होते. मुलांना खोटे लिहावयाचे होते असेही मी म्हणणार नाही. परंतु कागदावर उतरण्याच्या लायकीचे जे काही असते ते दुसऱ्याच्या घरी असते, असे त्यांना कधीतरी कोणीतरी पटवून दिलेले आहे. आपल्या घरात जी बोली चालते, जिच्यात काही शब्द उर्दूचे, काही कोकणीचे, काही दादीने माहेराहून आणलेले, ती 'शुद्ध' नाही. म्हणून ती वहीत येता कामा नये. मग उरते काय? गाइडातली नदी.

ह्या संकोचावर उतारा म्हणून मी तुम्हांला एका लेखकाची हकिकत सांगतो. त्याचा मुख्य धंदा राज्य करण्याचा होता. जहीरुद्दीन मुहम्मद बाबर. शाळेच्या इतिहासात तो 1526 साली पानिपतावर येतो आणि 1530 साली मरण पावतो. परंतु हा माणूस आयुष्यभर टिपणे ठेवीत असे. त्याच्या आत्मवृत्ताचा शेवटचा भाग तर तारीखवार रोजनिशीसारखाच आहे. त्यात लढाया आहेत, तशीच फरगाण्याची खरबुजे आहेत, चुलत्यांचे आणि मामांचे स्वभाव आहेत, हिंदुस्थानातले प्राणी, झाडे, फळे आहेत, उन्हाळ्याची आणि धुळीची तक्रारही आहे. आणि हे सारे त्याने लिहिले ते तुर्कीत, म्हणजे त्याच्या घरच्या, आईच्या भाषेत. त्या काळी प्रतिष्ठेची भाषा फार्सी. बाबराला फार्सी उत्तम येत होती, तीत तो कविताही करी. तरी स्वतःची हकिकत सांगावयाची वेळ आली तेव्हा त्याने घरचीच भाषा घेतली. पुढे त्याच्या नातवाच्या, अकबराच्या काळात अब्दुर्रहीम खानखानाने त्या ग्रंथाचे फार्सी भाषांतर केले, ते 1589 साली. म्हणजे प्रतिष्ठेच्या भाषेला घरच्या भाषेकडे यावे लागले.

ह्याच ग्रंथात एक प्रसंग आहे. 1529 सालचा रमजान, बादशहा पूर्वेकडच्या मोहिमेवर. रात्री तरावीह झाल्यावर तो तंबूत लिहीत बसला असताना एकाएकी वादळ आले. कागद आवरावयालाही सवड मिळाली नाही. तंबू अंगावर कोसळला आणि पाने भिजून चिंब झाली. बाबर सांगतो की मोठ्या मुश्किलीने ती गोळा केली, लोकरी गालिच्याच्या घड्यांत घातली, वर घोंगड्या रचल्या. वादळ थांबल्यावर विस्तव पेटवून, झोप न घेता, पहाटेपर्यंत ती पाने सुकवीत तो बसला. शत्रू जवळ असताना, फौज ओली झालेली असताना, हिंदुस्थानचा बादशहा रात्रभर कागद वाळवीत बसतो! मला त्या माणसाविषयी जो आदर वाटतो तो पानिपताहून अधिक ह्या रात्रीमुळे. इतके करूनही त्याच्या हकिकतीतली मधली कित्येक वर्षे आज उपलब्ध नाहीत.

मुलींनी ह्याच घराण्यातले आणखी एक नाव ध्यानात ठेवावे. बाबराची मुलगी गुलबदन बेगम. बाप वारला तेव्हा ती आठ वर्षांची होती. उतारवयात अकबराने आपल्या ह्या आत्याला सांगितले की तुम्हांला आठवते ते लिहा. तिने लिहिले, आणि त्यात जनानखान्यातल्या बायकांची बोलणी, रुसवेफुगवे, मेजवान्या, प्रवासातले हाल असे पुष्कळ आले, की जे दरबारी इतिहासकारांच्या हाती लागलेच नसते. तिच्या ग्रंथाची जी प्रत लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे ती मात्र मध्येच तुटते.

तुमच्यातला एखादा हुशार मुलगा म्हणेल, सर, वही कशाला, आम्हांला सगळे आठवते. त्याच्यासाठी इब्न बतूता. हा मोरोक्कोचा प्रवासी 1325 साली तांजियरहून निघाला आणि अर्धे जग पाहून परतला. बुखाऱ्याला त्याने विद्वानांच्या कबरींवरचे लेख उतरवून घेतले होते. पुढे हिंदी किनाऱ्यालगत चाच्यांनी लुटले त्यात ते कागदही गेले. अखेर मायदेशी, 1355 साली संपलेला त्याचा प्रवासग्रंथ त्याने मुख्यतः स्मरणाने सांगितला आणि इब्न जुझय्य याने लिहून घेतला. ग्रंथ अपूर्व आहे ह्यात शंका नाही. पण तारखा जुळत नाहीत, वाटा एकमेकींत शिरतात, आणि काही वर्णने त्याच्या अगोदरच्या प्रवाशांच्या पुस्तकांतून घेतलेली आहेत असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. स्मरणात जेथे भोक पडते तेथे माणूस दुसऱ्याचे वाक्य बसवितो. निबंधातली झुळझुळ नदी आली ती याच रस्त्याने.

आता वही ठेवणे ही काही विलायतेहून आलेली टूम नव्हे. आपल्याकडे शायर मंडळी बयाज बाळगीत. स्वतःचा कलाम, दुसऱ्याचा आवडलेला शेर, सारे तीत उतरत असे. हकिमांच्या घरांतही बयाज असे. कोणत्या दुखण्यावर कोणता नुस्खा लागू पडला, ते बाप लिही आणि मुलगा त्याच वहीत पुढे लिही. इकडे कीर्तनकारांची आणि शाहिरांची बाडे होती. मराठीतले कितीतरी जुने काव्य आज आपल्याला मिळते ते अशा बाडांमुळे. तेव्हा मी तुम्हांला नवीन काही सांगत नाही, तुमच्या आजोबा-पणजोबांच्या घरातली एक वस्तू माळ्यावरून खाली काढा असे म्हणतो आहे.

वही कशी असावी? साधी, शंभर पानी, खिशात किंवा दप्तराच्या पुढच्या कप्प्यात मावेल अशी. जानेवारीत बँका आणि औषध कंपन्या ज्या जाडजूड डायऱ्या वाटतात त्या मुळीच वापरू नका. त्यात प्रत्येक पानावर तारीख छापलेली असते. चार दिवस चुकले की चार कोरी पाने तुमच्याकडे डोळे वटारून बघतात आणि फेब्रुवारीत ती डायरी धोब्याच्या हिशेबाला लागते. साध्या वहीत चुकलेला दिवस दिसत नाही. आज लिहिले, उद्या राहिले, परवा पुढच्या ओळीपासून सुरुवात. राहिलेला दिवस आठवून आठवून भरीत बसू नये. ते इब्न बतूताचे काम झाले.

आणि रोज किती लिहावे? दोन ओळी. मी गंमत करीत नाही. पान भरण्याचा नेम केला तर तो आठ दिवस टिकतो. दोन ओळींचा नेम परीक्षेच्या दिवसांतही टिकतो, आणि ज्या दिवशी काही खरे दिसलेले असते त्या दिवशी दोनच्या वीस आपोआप होतात. वेळ मात्र ठरलेली पाहिजे, आणि ती अगोदरच चालू असलेल्या कामाला बांधलेली पाहिजे. मगरिबनंतर चहा होतो ना? कपबशी खाली ठेवली की वही उघडावी. पेन दोऱ्याने वहीलाच बांधून टाका, नाहीतर पेन शोधण्यात तो दिवस जातो.

आता खरा प्रश्न, लिहावे काय? येथे जरा थांबतो, कारण पुष्कळ मुले वही आणतात, पहिल्या पानावर सुंदर अक्षरात नाव घालतात आणि लिहितात: 'आज बाजारात गेलो. खूप गर्दी होती. मजा आली.' सहा महिन्यांनी हे वाचले तर तुमच्या हाती काय लागेल? गर्दी सगळ्याच बाजारांत असते. उलट अशी नोंद पाहा: 'शुक्रवार, मशिदीबाहेरचा बाजार. बागवानाने पाटी लावताना चार पेरू डाग खाली करून ठेवले. एका म्हातारीने नेमका त्यातलाच उचलला व उलटा केला. बागवान शरमला नाही. म्हणाला, "तो तुमच्यासाठीच ठेवला होता, अम्मा, गोड निघतो." म्हातारीने घेतला.' बस. ह्यात तुमचे मत नाही, उपमा नाही, सुविचार नाही. पण तो बागवान उभा राहिला की नाही? आणि ती म्हातारी? तिने पेरू का घेतला हे तुम्हांला अजून माहीत नाही, म्हणूनच ती नोंद पुढे कामाला येईल.

तारीख, जागा, बोलणारा कोण, आणि बोलला ते जसेच्या तसे. बोलणे सुधारू नका. तो 'पानी' म्हणाला तर 'पाणी' करू नका. पुढे गोष्ट लिहाल तेव्हा काय ठेवायचे काय गाळायचे ते ठरवा. वहीत मात्र माल कच्चाच ठेवावा. मला काय वाटले ह्याच्यापेक्षा मी काय पाहिले, काय ऐकले, हे अगोदर. वाटणे मागाहूनही येते, ऐकलेले वाक्य मागाहून येत नाही.

हाताच्या कामाकडे विशेष लक्ष द्या. मणियारीण बांगड्या भरते तेव्हा ती बाईचा हात हातात घेऊन अंगठ्याच्या मुळाशी चोळते आणि बोलत राहते, माहेर कुठले, मुले किती, पाऊस कसा झाला. बाईचे लक्ष बोलण्यात गुंतले की हात सैल पडतो आणि बांगडी चढते. त्या गप्पा नव्हेत, ते तिचे हत्यार आहे. पिंजाऱ्याच्या धनुकलीच्या प्रत्येक भागाला नाव आहे. ज्याच्या घरी धनुकली आहे त्याने ती नावे शब्दकोशात शोधू नयेत, वडिलांना विचारावीत आणि आजच विचारावीत, कारण गल्लीतून तो आवाज दिवसेंदिवस कमी ऐकू येतो. होडीवरच्या तांडेलाकडे वाऱ्यांची नावे आहेत, विणकराच्या घरी धोटा, फणी, कांडी आहेत. हे शब्द तुमच्याकडे फुकट येऊन पडलेले आहेत. शहरातल्या लेखकाला ते विकत घ्यायचे म्हटले तरी मिळत नाहीत.

एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. ती अकरावीत असताना तिने वहीत एक ओळ लिहिली: 'दादी वय विचारले की सांगते, तीन विसा आणि वर चौदा.' एवढेच. जुन्या माणसांची ही मोजण्याची रीत, विसाविसाने. मी तिला म्हटले, दादी आणखी काय काय विसाने मोजते ते विचार आणि लिही. तिने नारळ लिहिले, कोंबडीची अंडी लिहिली, पापड लिहिले. मग काही महिने त्या विषयावर काहीच नाही. आणि एके दिवशी नोंद आली. दादीने आपला संसार मोजून दाखविला होता. दादा बोटीवर खलाशी होते, आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांतून जसे पुरुष जात तसे. लग्नाला दोन विसा वर्षे झाली तेव्हा ते वारले. त्यांपैकी ते घरात होते ते महिने दादीने बोटांवर जोडले, रमजानचे इतके, पावसाळ्याचे इतके, आजारपणाचे इतके, आणि म्हणाली, 'एक वीसही भरत नाही गं.' मुलीने हे वाक्य तारखेसह लिहून ठेवले होते. पुढे त्यावरून तिने जो लेख लिहिला त्यात खाडी होती, चिखल होता, बोटीवरून येणारी मनिऑर्डर होती आणि पूर्वेला तांबडे कोठेही फुटले नव्हते. दादी आज हयात नाही. ते मोजणे त्या घरात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हते, तिच्या मुलांनाही नाही.

वही नुसती भरून ठेवली की झाले असेही नाही. ती परत वाचावी लागते. जुम्म्याच्या दिवशी सुटीत दहा मिनिटे मागची पाने चाळा. रशियन लेखक अंतोन चेखव याने 1891 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1904 पर्यंत, अशा वह्या ठेवल्या. एखादे विचित्र आडनाव, कोणाचे तरी अर्धे वाक्य, एका ओळीत मावणारे कथानक असे त्यांत भरलेले आहे. नोंद कथेत वापरून झाली की तो ती खोडीत असे. त्याच्या मृत्यूनंतर त्या वह्या छापून निघाल्या. त्यातल्या न खोडलेल्या नोंदी वाचताना हळहळ वाटते, पण हेही कळते की त्याच्याइतक्या मोठ्या लेखकाचाही सगळा माल खपला नव्हता.

विज्ञान शाखेची मुले मागे बसून कुजबुजत आहेत, हे आपल्यासाठी नाही म्हणून. त्यांनी चार्ल्स डार्विनचे आत्मचरित्र उघडून पाहावे. त्याने त्यात आपला एक नियम सांगितला आहे: आपल्या सिद्धांताच्या विरुद्ध जाणारी एखादी गोष्ट दिसली की ती तत्काळ टिपून ठेवायची, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा प्रतिकूल गोष्टी मन लवकर विसरते. तुमच्या प्रयोगवहीत आकडे 'बसविण्या'ची जी कला चालते तिच्याविषयी मी अधिक बोलत नाही. आपले शास्त्राचे सर व्यासपीठावर आहेत.

मोबाइलचा प्रश्न येणार हे मला माहीत आहे. फोनवर आवाज भरून ठेवा, जरूर ठेवा. दादीचा आवाज कागदावर येत नाही. पण फोन बिघडतो, बदलतो, धाकट्या भावाला खेळायला जागा कमी पडली की त्यातले पुसले जाते. शिवाय भरून ठेवलेले बोलणे आपण पुन्हा ऐकत नाही. म्हणून रात्री ते एकदा ऐकावे व त्यातली दोन वाक्ये हाताने वहीत घ्यावीत. कोणती दोन घ्यायची हे ठरविताना जो विचार होतो तोच लेखनाचा पहिला धडा.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. घरातली भांडणे, कोणाचे कर्ज, कोणाच्या मुलीचे मोडलेले लग्न, ही वही कोणाच्या हाती पडली तर काय होईल ह्याचा विचार करून लिहा. नाव घालू नका. आणि विश्वासाने कानात सांगितलेली गोष्ट वहीतही येऊ नये. ती तुमची नाही. पालकांना माझी विनंती की मुलाची वही उघडू नका, विशेषतः मुलीची. बारा-तेरा वर्षांच्या मुलीची वही एकदा घरात मोठ्याने वाचली गेली की ती पुन्हा आयुष्यात खरे लिहीत नाही; असे मी पाहिलेले आहे. शिक्षकांना विनंती की ही वही तपासायला मागू नका. तिच्यात ऱ्हस्वदीर्घाच्या चुका असतील. असू द्या. लाल शाई निबंधासाठी ठेवा.

मराठीत आपल्यातल्यांनी लिहिले नाही असे कोणी समजू नये. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' आहे. बार्शीचे शाहीर अमर शेख होऊन गेले. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी 'इंधन' कादंबरीत कोकणातले गाव आणले. त्यांच्या इतर मतांविषयी कोणाचे काही म्हणणे असो, ते गाव मात्र गाइडातले नाही. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्यानंतर लिहिणाऱ्यांची संख्या वाढत गेली. पण मणियारीण, पिंजारी, बोटीवरचा खलाशी, आखातात गेलेल्या मुलाच्या फोनची वाट पाहणारी आई, ह्यांच्या तोंडची भाषा अजून पुष्कळशी घराघरांतच आहे. ती बाहेरच्या माणसाला ऐकूही येणार नाही. त्याला पाहून घरातली माणसे चांगली, पुस्तकी भाषा बोलू लागतात. तुमच्यासमोर ती मोकळी बोलतात.

अध्यक्ष महाशयांनी आताच माझ्या कानात सांगितले की बक्षिसांबरोबर प्रत्येक स्पर्धकाला एक वही देण्याची व्यवस्था संस्थेने केली आहे. शंभर पानीच आहे, मी चौकशी केली. पहिले पान कोरे सोडा. वही भरली की तेथे कोणत्या पानावर काय आहे त्याची यादी करावयाची आहे. दुसऱ्या पानावर आजची तारीख घाला. आणि घरी गेल्यावर जो कोणी दार उघडील, तो पहिले वाक्य काय बोलतो ते नीट ऐका.